टाइल नंतर, आधी विहीर: गोव्यात अंगणातला तलाव कशाचा बांधावा

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा फोनमधला फोटो पुढे करतात. निळंशार पाणी, काठावर दोन खुर्च्या, मागे माड. "ताई, असा हवा." मागच्या फेब्रुवारीत शिवोलीला जुनं घर घेतलेलं एक जोडपं आलं, त्यांनी तर पिशवीतून काचेच्या मोझॅकचा तुकडाच काढून टेबलावर ठेवला. मी विचारलं, "तुमच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी कुठवर चढतं?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. विहीर आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. पण घर बघितलं होतं जानेवारीत.

मी डिचोलीची. वडील गवंडी, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या कामातले. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली अठरा वर्षं बार्देश, पेडणे, फोंडा या भागात घरांची लहानमोठी कामं घेते. त्यातच पोहण्याचे तलाव आले. घरी मात्र 'पूल' म्हणायची चोरी होती. "पूल बांधायला घेतलाय" म्हटलं की वडील विचारायचे, "कुठल्या नदीवर?" तेव्हापासून मी तलावच म्हणते.

तलाव कशाचा बांधायचा, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला धास्ती असते ती आतलं पाणी गळून जाईल याची. गळतंही. पण गळका तलाव दुरुस्त होतो. बाहेरच्या पाण्याने उचललेला तलाव पुन्हा जागेवर बसवणं म्हणजे नवं काम. म्हणून आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट), फायबर (तयार भांडं) की लायनर (प्लास्टिकचा कागद) हे ठरवायच्या आधी जमिनीखालचं पाणी बघायचं, आणि ते बघायला आपल्याकडे प्रत्येक जुन्या घरामागे सोय आहे.

विहिरीचे थर मोजा

जुनी विहीर चिऱ्याने बांधलेली असते आणि चिऱ्याचा एक थर साधारण वीतभर उंच. म्हणजे आयती मोजपट्टी. कठडा सोडून द्यायचा, जमिनीच्या पातळीपासून खाली मोजायचं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आसपास, सलग चार दिवस पाऊस झाला की सकाळी डोकवा, पाणी कितव्या थराला टेकलंय ते बघा आणि कठड्यावर खडूने तारीख लिहून ठेवा.

जागा उन्हाळ्यात बघत असाल तर खडूची सोय नाही, पण विहीर स्वतःच सांगते. बॅटरी घेऊन आत उजेड पाडा. वरचे थर तांबूस, कोरडे दिसतील, मध्येच नेचे उगवलेले असतील, आणि एका रेघेखाली चिरा काळपट, शेवाळाने गुळगुळीत झालेला दिसेल. पावसाळ्यात पाणी जिथे बरेच दिवस मुक्काम करतं तिथली ती रेघ. त्याच्या वर आणखी दोन थर धरून चाला. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर तेही कळेल की एखाद्या वर्षी घागर वाकून हाताने भरता येत होती का.

विहीर नसेल तर जिथे तलाव यायचा तिथेच दोन मीटरचा खड्डा मारा, त्यात भोकं पाडलेला चार इंची पाइप उभा करा, भोवती खडी टाका, तोंडाला झाकण लावा. पावसाळाभर दर रविवारी दगड बांधलेली दोरी सोडून ओली किती झाली ते मोजा. एक पावसाळा थांबायला कुणी तयार नसतं, हे मला माहीत आहे. तरी मी सांगते.

सड्यावर, म्हणजे उंच कातळावर घर असेल तर तुम्ही नशीबवान: खाली चिरा, पाणी खोल, फक्त खोदाईला ब्रेकर लागतो आणि शेजारी आठ दिवस शिव्या घालतात. नदीकाठच्या भाटात किंवा किनाऱ्याजवळच्या रेतीत पावसाळ्यात पाणी माणसाच्या कमरेइतकं खाली असतं, कधी गुडघ्याइतकंच. शेताच्या कडेला तर विचारूच नका.

आता हिशेब. समजा तलाव आतून आठ मीटर लांब, चार रुंद, १.४ खोल. आत साधारण ४५ हजार लिटर पाणी मावतं. आठ इंची, म्हणजे २० सेंटिमीटरचा तळ आणि तेवढ्याच जाडीच्या भिंती धरल्या तर काँक्रीटचं वजन होतं ३६ टनांच्या आसपास. या रिकाम्या पेटीच्या बाहेर पाणी अगदी काठापर्यंत आलं तर ते तिला ५९ टनांनी वर ढकलतं. म्हणजे काँक्रीटसुद्धा तरंगतं, होडीसारखं. पाणी जमिनीपासून साधारण दोन फूट खाली राहिलं तर रिकामा काँक्रीटचा तलाव कसाबसा बसून राहतो. त्याच्या वर चढलं की उचलला जाऊ शकतो. एवढ्याच आकाराचं फायबरचं भांडं भरतं टनभर. त्याला उचलायला बाहेर तळाच्या वर दोन बोटं चढलेलं पाणी पुरतं.

अर्थात भरलेला तलाव उचलला जात नाही. आतलं पाणीच त्याला दाबून धरतं. धोका असतो तो रिकामा असताना, आणि नेमका तो रिकामा करण्याची हुक्की लोकांना पावसाळ्यात येते.

आरसीसी

ज्याच्या विहिरीचं पाणी तलावाच्या तळाच्या वर चढतं, त्याला मी आरसीसीच सांगते. वजन मिळतं, हवा तो आकार मिळतो, आणि पाणी फारच वर येत असेल तर तळाचा स्लॅब भिंतीबाहेर फूटभर काढता येतो. त्या ओठावर बाहेरची माती बसते आणि ती माती तलाव धरून ठेवते. दुसरा उपाय त्याहून स्वस्त: तलावच जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचलायचा, बाहेरून बसायला कट्टा होतो. फोटोत तसा नसतो म्हणून लोकांना पटत नाही.

पाण्याच्या टाक्यांसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे आणि तलाव ही टाकीच. त्यात काँक्रीट किमान एम ३० ताकदीचं लागतं. घराच्या स्लॅबला चालतं ते एम २० इथे चालत नाही. कंत्राटदार "तेच टाकतो, काही होत नाही" म्हणाला तर त्याचा चहा पिऊन त्याला वाटेला लावा. सिमेंट शक्यतो स्लॅगचं घ्या, क्लोराइडला, म्हणजे खारेपणाला ते जास्त तग धरतं. रेती नदीची किंवा क्रशरची. किनाऱ्यावरची खारी रेती चुकूनही नको, आत सळया गंजल्या की काँक्रीट फुगून फुटतं. सळीखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवलेत का ते स्वतः वाकून बघा. चिऱ्याचे तुकडे सरकवलेले असतील तर काढायला लावा. चिरा पाणी पितो आणि ते थेट सळीला पाजतो.

माझी सगळ्यात जास्त भांडणं होतात ती काँक्रीट ओतायच्या दिवशी. मिक्सरची गाडी गेटाशी येते, माल जरा घट्ट दिसतो, पोरगा पाइप घेऊन धावतो. "पात्रांव, थोडं पाणी सोडतो, सरसर जाईल." जातं सरसर, खरंच. आणि वर्षभराने तिथूनच ओल येते. पातळ हवं असेल तर प्लांटवरूनच त्यात प्लास्टिसायझर घालून मागवायचं. मी त्या दिवशी नळाचा कॉक बंद करून त्याचं हँडल पर्समध्ये ठेवते.

तळ आणि भिंत एकाच दिवशी ओतता येत नाहीत, त्यामुळे दोघांच्या सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी आधीच बसवलेली हवी. शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) ताणून धरायला भिंतीतून आरपार तारा घातल्या असतील तर त्यातली प्रत्येक तार म्हणजे उद्याची गळती. पाइप जिथे भिंतीतून जातो तिथे काँक्रीट भरायच्या आधीच कॉलर असलेला तुकडा पुरायचा; नंतर छिन्नी मारून भोक पाडणारा प्लंबर दिसला तर काम थांबवा. मग ओली पोती, चौदा दिवस तरी, दिवसातून तीनदा पाणी.

काँक्रीट पिस्तुलाने मारायची पद्धतही आहे, गनाइट किंवा शॉटक्रीट. वळणदार तलावाला उत्तम. पण ती सगळी नोझल धरणाऱ्या माणसाच्या हातात आहे, आणि एका घरगुती तलावासाठी तसा हात आणणं परवडत नाही. उडून खाली पडलेला माल परत भिंतीला लिंपताना मी बघितलाय. सरळ चौकोनी तलाव घ्या, शटरिंगने करा.

टाइल लावायच्या आधी तलाव भरून बघायचा. सात दिवस. पातळी उतरली म्हणजे गळतीच असं नाही, वाऱ्याने आणि उन्हानेही उतरते. त्यासाठी बादली: तलावाच्या पायरीवर पाण्यात बादली ठेवा, बादलीत तलावातलंच पाणी, आतली आणि बाहेरची पातळी सारखी, दोन्हीकडे पेन्सिलची खूण. ऊन दोघांना सारखंच लागतं. तीन दिवसांनी बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला असेल तर गळतंय. कुठून, ते शोधायला पंप बंद ठेवून पाणी जिथे उतरायचं थांबतं ती पातळी बघा. दिव्याच्या खाचेशी थांबलं, तर दिवा. माझ्याकडे दहातल्या सात वेळा दिवाच निघतो.

चिऱ्याचा तलाव

हा मुद्दा मी वडिलांमुळे लिहिते. माझा पहिला तलाव चिऱ्याचा होता. म्हापशाजवळ, मालकाचं बजेट कमी, वडील म्हणाले चिरा सिमेंटात बांधू, आतून प्लास्टर, वरून वॉटरप्रूफिंग, काय बिघडतं? देवळांच्या तळ्या चिऱ्याच्याच की! मंगेशीची बघ!

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या दिवाळीत प्लास्टरला केसासारखी रेघ दिसली, तिसऱ्या पावसात भिंतीतून तांबडं पाणी आत झिरपायला लागलं. चिरा नरम, सच्छिद्र. भिंत जरा हलली की प्लास्टर तडकतं आणि मग चिरा पाणी दोन्ही बाजूंनी पितो. तळीची गोष्ट वेगळी, हे मला नंतर उमगलं. तळीला पाणी येतं झऱ्याचं, जमिनीतलंच. ते येतं, जातं, विहिरीबरोबर चढतं-उतरतं. तिथे आतबाहेर असा भेदच नाही. आपल्याला मात्र क्लोरीन घातलेलं, मोजलेलं पाणी आतच ठेवायचंय. त्या मालकाला मी आतून नवी आरसीसी पेटी घालून दिली, निम्म्या पैशांत. निम्मे माझे गेले. वडील बरेच दिवस त्या रस्त्याने जायचे नाहीत.

फायबरचं भांडं

कारखान्यात घडवलेलं एकसंध भांडं खड्ड्यात ठेवायचं, पाइप जोडायचे, पाणी सोडायचं. आठवड्याभरात पोहायला मोकळे. आत गुळगुळीत, ग्राउट (टाइलच्या फटींतलं भरण) नाही, शेवाळ धरत नाही, पोरांचे गुडघे सोलवटत नाहीत. सड्यावर जागा असेल तर मी हेच सुचवते आणि लोकांना आश्चर्य वाटतं, कारण कंत्राटदाराला यात काम कमी.

विकत घेताना भांड्याच्या कडेचा कापलेला भाग बघा, तिथे जाडी दिसते. वरच्या चकचकीत जेलकोटच्या लगेच मागचा थर व्हिनाइल एस्टर रेझिनचा आहे का हे लेखी विचारा. साध्या पॉलिस्टरमध्ये वर्षानुवर्षं पाणी झिरपून फोड येतात, भाजल्यावर कातडीला येतात तसे. पायऱ्यांवर उभे राहून उड्या मारा. दबत असेल तर सोडून द्या.

मग रस्ता. चार मीटर रुंद भांडं ट्रकवर कलतं ठेवून आणतात. घाटातून ते येतं, अडतं शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर: गावातली गल्ली, कुंपणाचा चिरा, विजेच्या तारा, कुणाचातरी आंबा. क्रेनला उभं राहायला जागा लागते. ऑर्डर द्यायच्या आधी बांबूचा चार मीटरचा तुकडा आडवा धरून मुख्य रस्त्यापासून अंगणापर्यंत चालत या. लोक हसतील. मी दोन वेळा चाललेय, एकदा ऑर्डर वाचली.

भोवतालची पोकळी खोदलेल्या तांबड्या मातीने भरायची नाही. ती पावसात बसते आणि भिंतीला पोट येतं. बारीक खडी घ्या. आत फूटभर पाणी चढवलं की बाहेर फूटभर खडी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दोन्ही बाजू बरोबर चढल्या पाहिजेत.

एका कोपऱ्यात तळापेक्षा खोल जाणारा सहा इंची पाइप उभा पुरा, भोकं पाडलेला, खडीत. कधी तलाव रिकामा करायचा झाला तर आधी त्या पाइपात दोरी सोडून बाहेरचं पाणी बघायचं, असेल तर छोटा पंप सोडून उपसायचं. आरसीसीलाही हा पाइप मी घालतेच. तळाच्या मेन ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसतो, बाहेरचा दाब वाढला की तो उघडून पाणी आत घेतो. पण त्यात एक वाळकं पान अडकलं तरी तो गप्प बसतो. भरवसा पाइपावर ठेवा.

हे मला एका घराने शिकवलं. कळंगुटच्या मागच्या बाजूला, शेतापासून फार लांब नाही. चवथीला पाहुणे येणार म्हणून त्यांनी तलाव धुवायला रिकामा केला. सकाळी कामवाली बाई सांगत आली, "तलाव वर आलाय." एक वीत. काठाच्या फरश्या उखडलेल्या, पाइप मुरगळून तुटलेले, आणि ते निळं भांडं अंगणात असं बसलेलं जसं कुणी परातच उपडी करायला विसरलंय. चूक माझी होती. पाइप घातला होता, पण पावसाळ्यात तलाव उपसू नका हे मी सांगितलं नव्हतं, मला वाटलं कोण उपसेल. डिसेंबरात पुन्हा उकरून बसवलं. आता मी पंपाच्या खोलीत मराठी, कोंकणी आणि हिंदीत रंगाने लिहून देते: जून ते नोव्हेंबर तलाव रिकामा करू नये.

लायनर

पीव्हीसीचा कागद भिंतीवर ताणून बसवतात. स्वस्त, लवकर होतो, आणि आठ-दहा वर्षांनी बदलावा लागतो. बाहेरचं पाणी चढलं की कागद तळापासून सुटून फुग्यासारखा वर येतो आणि बसला तरी सुरकुत्या राहतात. लव्हाळ्याच्या अणकुचीदार कोंबाला तर तो अडवतच नाही. पुरात वाचणारं गवत ते, प्लास्टिकला काय जुमानणार. मागचे पत्र्याचे पॅनेल खाऱ्या हवेत गंजतात. भाड्याच्या जागेत, चार-पाच वर्षांसाठी हवा असेल तर घ्या. एरवी नको.

विहिरीचं पाणी तलावात सोडण्याआधी

लोक टाइलचा रंग निवडायला दोन महिने घेतात आणि पाण्याची बाटली तपासायला दोन दिवस देत नाहीत. चिऱ्यातून झिरपलेलं आपल्या विहिरींचं पाणी प्यायला गोड, कारण त्यात चुना कमी, आणि बरेचदा जरा आम्लही असतं. असं भुकेलं पाणी त्याला हवा तो चुना सिमेंटातून खातं. नुसत्या पांढऱ्या सिमेंटचं प्लास्टर केलेल्या तलावात दोन वर्षांत हात फिरवला तर सॅंडपेपरसारखं लागतं. टाइलमधलं सिमेंटचं ग्राउटही असंच पोखरलं जातं. त्यामुळे विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावाला मी सिमेंटचा उघडा पृष्ठभाग ठेवतच नाही: फायबर, नाहीतर टाइल आणि एपॉक्सी ग्राउट.

प्रयोगशाळेत पीएच, अल्कलिनिटी, हार्डनेस आणि लोह एवढं तपासून घ्या. तलावात पीएच ७.२ ते ७.६ ठेवायचा; अल्कलिनिटी कमी असेल तर खायचा सोडा वाढवतो, तोच आपला घरातला. लोहाची परीक्षा घरी होते. पांढऱ्या बादलीत विहिरीचं पाणी घ्या, चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाका, रात्रभर ठेवा. सकाळी कोऱ्या चहासारखं झालं असेल तर लोह आहे, आणि पांढरी टाइल लावलीत तर तुमचा तलावही तसाच दिसेल. मग टँकरचं नाहीतर नळाचं पाणी, किंवा आधी लोह काढायचा फिल्टर.

मिठाचं यंत्र बसवणार असाल, म्हणजे ज्यात मिठापासून क्लोरीन होतो, तर लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असतं. समुद्रात पस्तीसच्या आसपास. चवीला जेमतेम कळतं. पण शिडी आणि कठडे एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे असतील तर गंजाचे ठिपके पडणार. ३१६ च मागा आणि बिलावर लिहून घ्या, डोळ्यांनी दोघांत फरक दिसत नाही.

काठाला चिरा लावावा असं प्रत्येकाच्या मनात येतं, माझ्याही. दिसतो देखणा. पण पाणी पितो, सुकताना मीठ पोटात फुगतं आणि वरचा थर भुग्यासारखा सुटतो; पावसाळ्यात शेवाळ. कोटा आणि शहाबाद हे चुनखडीचे दगड, पीएच उतरवायचं ॲसिड सांडलं की पांढरे डाग कायमचे. खरबरीत केलेला फिकट ग्रॅनाइट घ्या. काळा नको, मे महिन्यात दुपारी तीनला त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, मग बोलू.

टाइल

आता टाइल. परीक्षा वडिलांची: टाइलची मागची बाजू जिभेला लावायची. चिकटली तर ती पाणी पिते, तलावात नको. चिकटली नाही तर चालेल. दुकानदार तोंड वाकडं करतो, पण पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी शोषणारी विट्रिफाइड टाइल आणि साधी सिरॅमिक यातला फरक जिभेला लगेच कळतो.

काचेचं मोझॅक सुंदर, पण लावणाऱ्याची परीक्षा बघतं. मागे जाळी असलेले ताव घेऊ नका. काही जाळ्यांचा गोंद पाण्यात फुगतो आणि तुकडे सुटतात. समोर कागद असलेले ताव घ्या, कागद नंतर ओला करून सोलून काढतात. चिकटवायला पांढरा पॉलिमरचा ॲडहेसिव्ह, आणि दाते असलेल्या थापीचे ओरखडे दुसऱ्या बाजूने सपाट करून मगच ताव चिकटवायचा, नाहीतर काचेतून ते ओरखडे जन्मभर दिसतात. एपॉक्सी ग्राउट भरतानाच पुसायचं. "उद्या साफ करतो" म्हणणाऱ्याने एकदा अख्खी भिंत धुरकट करून ठेवली होती, ती घासायला आठ दिवस गेले.

रंग तुमचा तुम्ही ठरवा. माझं एकच मागणं: तळ फिकट असू दे. गडद हिरव्या तळाशी पडलेलं मूल दिसत नाही.

वेळापत्रक

पंचायतीचा परवाना आणि किनारा किंवा भरतीची नदी जवळ असेल तर सीआरझेडचं (किनारी बांधकामाच्या नियमांचं) प्रकरण पावसातच मार्गी लावा. नोव्हेंबरात खोदाई, डिसेंबरात काँक्रीट, फेब्रुवारीपर्यंत पाणी भरून चाचणी, एप्रिलअखेर टाइल. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की हात आखडावा लागतो. काम अर्धवट राहिलं तर तसंच राहू द्या, फक्त तलाव पाण्याने भरून ठेवा.

आणि ओव्हरफ्लोचा पाइप विसरू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या आठ बाय चारच्या तलावात नुसत्या आभाळातून ९६ हजार लिटर पडतं, तलावाच्या दुप्पट. भोवतालची फरशी तलावापासून बाहेर उतरती हवी, नाहीतर त्याच्याबरोबर अंगणातली तांबडी मातीही आत.

शिवोलीच्या जोडप्याने शेवटी एक पावसाळा थांबायचं कबूल केलं. ते मुंबईला, घर राखणाऱ्या काकांना त्यांनी खडू आणून दिला. पंधरा ऑगस्टला मला फोटो आला: विहिरीत डोकावून काढलेला, हललेला, कडेला काकांचा अंगठा. जमिनीपासून खाली सहावा थर. म्हणजे १.२ मीटर. त्यांच्या तलावाचा तळ स्लॅबसकट जाणार १.६ वर, तेव्हा ४० सेंटिमीटर पाण्यात बुडलेला. खालून दाब साधारण पंधरा टन. काँक्रीट ३६, फायबर एक.

मी उत्तर पाठवलं, "आरसीसी. बाहेर पाइप घालू. काकांना सांगा, चवथीनंतर आणखी एकदा बघायला." मोझॅकचा तो तुकडा अजून माझ्या टेबलावरच आहे. मागून जीभ लावून बघितली, चांगला आहे.